वंशाचा रकाना: अमेरिकन शाळांमध्ये गट कुठे मोजायचा आणि मूल कुठे पाहायचं?

(एका ऑनलाइन चर्चेतले प्रतिसाद; प्रत्येकाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तळटीप

अमेरिकेतल्या शाळांनी मुलांकडे वंशगटाचे घटक म्हणून पाहावं की सुटी व्यक्ती म्हणून, यावर इथे पुष्कळ काथ्याकूट झालाय. वाचताना जाणवतं की भांडणारे एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत. शाळेत वंशाची नोंद निदान चार टेबलांवरून फिरते: नावनोंदणी, निकालाचे अहवाल, प्रवेश किंवा जागावाटप, आणि प्रत्यक्ष वर्ग. प्रत्येक टेबलाचे नियम निराळे आहेत, म्हणून 'वंश पाहावा की पाहू नये' असा घाऊक प्रश्न विचारला की नुसती घोषणाबाजी होते.

माझं मत आधीच सांगतो. मोजायला गट लागतोच. पण अमुक मुलाला काय मिळणार हे ठरवताना तो रकाना ठरवणाऱ्याच्या समोर असू नये.

व्यक्तिवादाच्या बाजूने नेहमी दाखला दिला जातो तो १८९६ च्या प्लेसी खटल्यातल्या (रेल्वेत वंशानुसार वेगळे डबे वैध ठरवणारा निकाल) न्या. हार्लन यांच्या विरोधी निकालपत्राचा: संविधान रंग पाहत नाही. त्याच परिच्छेदात त्यांनी गोरा वंश प्रतिष्ठा, शिक्षण, संपत्ती आणि सत्ता यांत वरचढ आहे आणि तसाच राहील अशी खात्रीही दिलीय, पण ते वाक्य कुणी उद्धृत करत नाही. असो.

शाळांसाठी खरा कळीचा निकाल २००७ चा, सिएटल आणि लुईव्हिल (जेफर्सन काउंटी) या दोन डिस्ट्रिक्टचा (डिस्ट्रिक्ट म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा). सिएटलमध्ये १० हायस्कुलं होती आणि मुलं पसंतीक्रम द्यायची. एखाद्या शाळेला जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर पहिला निकष भावंड तिथे आहे का, आणि दुसरा निकष वंश. डिस्ट्रिक्टमधलं गोऱ्या आणि इतर मुलांचं प्रमाण साधारण ४१:५९ होतं. शाळेचं प्रमाण त्यापासून १० टक्केबिंदूंपेक्षा जास्त ढळलं असेल तर तोल सावरणाऱ्या मुलाला जागा मिळे. लुईव्हिलमध्ये प्रत्येक शाळेत कृष्णवर्णीय मुलं किमान १५ आणि कमाल ५० टक्के असावीत असं बंधन होतं. सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी दोन्ही योजना रद्द केल्या.

पण पाचवं मत होतं न्या. केनेडी यांचं, आणि त्यांनी अर्धं दार उघडं ठेवलं. नवी शाळा कुठे बांधायची, हद्दी कशा आखायच्या, खास अभ्यासक्रमांना पैसा कुठे द्यायचा, शिक्षक आणि विद्यार्थी कुठून बोलवायचे, निकाल आणि पटसंख्या वंशानुसार तपासायची का, हे सगळं वंशाचं भान ठेवून करता येईल. एकेका मुलावर शिक्का मारून त्याची शाळा ठरवता येणार नाही. माझ्या मते अमेरिकन कायद्यात या वादाची इतकी वापरता येण्याजोगी मांडणी दुसरीकडे नाही.

सातवा रकाना

पहिल्या टेबलाबद्दल लिहितो, कारण पुढचे सगळे घोळ तिथेच जन्मतात.

सरकारी वर्गवारीचा मूळ आदेश १९७७ चा. १९९७ च्या दुरुस्तीने एकाहून अधिक वंश निवडायची मुभा दिली. शिक्षण खात्याने २००७ मध्ये मार्गदर्शन काढलं आणि २०१०-११ पासून शाळा त्याप्रमाणे अहवाल देऊ लागल्या. फॉर्मवर दोन प्रश्न असतात. पहिला: हिस्पॅनिक किंवा लॅटिनो (स्पॅनिशभाषक किंवा लॅटिन अमेरिकी मुळाचं) आहे का, हो/नाही. दुसरा: पाच वंशांपैकी एक किंवा अधिक. वर पाठवताना मात्र सातच रकाने: हिस्पॅनिक (वंश कोणताही असो), अमेरिकन इंडियन (म्हणजे अमेरिकेतले मूळनिवासी), आशियाई, कृष्णवर्णीय, हवाई व पॅसिफिक बेटांवरचे, गोरे, आणि 'दोन किंवा अधिक'.

घोळ कुठे होतो ते पाहा. पहिल्या प्रश्नाला 'हो' आणि दुसऱ्यात कृष्णवर्णीय अशी खूण केलेलं मूल अहवालात फक्त हिस्पॅनिक म्हणून जातं. कृष्णवर्णीयांच्या आकड्यातून ते गायब होतं. गोरी आई आणि आशियाई वडील असलेलं मूल 'दोन किंवा अधिक'मध्ये जातं, जिथे त्याच्या शेजारी कृष्णवर्णीय-अमेरिकन इंडियन मूल बसलेलं असतं. या दोघांत समान एवढंच की दोघांनी दोन खुणा केल्या. त्या रकान्याची सरासरी काढून 'या गटाला काय हवं' असं विचारणं निव्वळ व्यर्थ आहे.

आणि पालकांनी काहीच भरलं नाही तर? कॉलेज 'माहीत नाही' असं कळवू शकतं. शाळेला ती सोय नाही. शेवटचा उपाय म्हणून कर्मचाऱ्याने मुलाकडे पाहून खूण करायची. 'स्वतःची ओळख स्वतः ठरवा' या तत्त्वावर उभ्या असलेल्या पद्धतीचं हे तळघर.

मधली सुट्टी

+१. हे तळघर माहीत नव्हतं. आपल्या लोकांचं काय? भारतीय कायम आशियाईच होते का?

सातवा रकाना

छे. १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनेत 'हिंदू' हा चक्क वंश होता, माणूस शीख असो वा मुसलमान. मधल्या काळात, १९२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवलं की नागरिकत्वासाठी भारतीय माणूस 'गोरा' नाही. शास्त्रीय वर्गीकरण काही म्हणो, सामान्य माणसाची समजूत चालेल, हा तर्क. त्याच्या आदल्याच वर्षी ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला त्वचा कितीही उजळ असली तरी तुम्ही कॉकेशियन नाही म्हणून परत पाठवलं होतं. १९७० च्या जनगणनेत भारतीय गोऱ्यांत मोजले गेले, आणि १९८० पासून 'एशियन इंडियन' असा स्वतंत्र पर्याय आला, तोही इथल्या भारतीय संघटनांनी मागणी लावून धरल्यावर. एकाच माणसाने हयातीत तीन रकाने पाहिले असतील.

गुणोत्तर

रकाने ओबडधोबड आहेत हे मान्य. पण त्यावरून 'मग मोजूच नका, प्रत्येक मूल वेगळं पाहा' इथे उडी मारणाऱ्यांसाठी हा प्रतिसाद.

विशेष शिक्षणाच्या कायद्यातलं उदाहरण घ्या. २०१६ च्या नियमानुसार राज्यांना प्रत्येक डिस्ट्रिक्टचं जोखीम-गुणोत्तर काढावं लागतं, म्हणजे एका गटातलं निदानाचं प्रमाण बाकीच्यांच्या किती पट आहे ते. समजा एका डिस्ट्रिक्टमध्ये ४०० कृष्णवर्णीय मुलं आहेत आणि त्यांपैकी २४ मुलांना 'भावनिक विकार' हे निदान मिळालं, म्हणजे ६ टक्के. बाकी १,६०० मुलांपैकी ३२, म्हणजे २ टक्के. गुणोत्तर ३. राज्याने ठरवलेली मर्यादा ओलांडली (सलग तीन वर्षांपर्यंतचे आकडे पाहायची मुभा असते) तर डिस्ट्रिक्टला या कायद्याखाली मिळणाऱ्या केंद्रीय निधीतले १५ टक्के लवकर मदत पोचवण्यासाठी बाजूला काढावे लागतात.

आता त्या २४ फायली एकेक करून वाचा. प्रत्येकीत शिक्षकाची नोंद आहे, मानसशास्त्रज्ञाचा अहवाल आहे, पालकांची सही आहे. एकही फाईल स्वतंत्रपणे चुकीची वाटणार नाही. तिप्पट फरक हा फायलींच्या गठ्ठ्यात दिसतो, फाईलीत नाही. जो फक्त व्यक्तीच पाहीन म्हणतो त्याला तो कधीच दिसणार नाही. गट मोजायचा तो यासाठी.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर कुणीतरी सांगेलच. गुणोत्तर खाली आणायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे पुढच्या कृष्णवर्णीय मुलाची तपासणीच टाळणं. ज्याला मदतीची खरी गरज आहे तो आकड्यापायी मागे राहतो. नियमात म्हणूनच स्पष्ट म्हटलंय की याचा आधार घेऊन गरजू मुलं शोधण्याच्या कर्तव्यात कसूर करता येणार नाही. व्यवहारात काम करायचं ते वरच्या टप्प्यावर: वर्गातून नाव सुचवलं जातं कुठल्या वर्तनासाठी, कोणत्या शिक्षकाकडून, आधी वाचनाची मदत दिली होती का. 'उद्धटपणा' या शेऱ्यावर आलेली शिफारस आणि 'दुसऱ्याला मारलं, तारीख अमुक' या नोंदीवर आलेली शिफारस वेगळी काढा. फरक बहुधा पहिल्या ढिगात साचलेला सापडतो, कारण तिथे ठरवणाऱ्याच्या मनाला मोकळीक जास्त.

दुसरी अडचण लहान आकड्यांची. या नियमात राज्य साधारणपणे किमान १० (निदान झालेली मुलं) आणि किमान ३० (गटातली एकूण मुलं) अशी अट ठेवू शकतं. ९ मुलं असतील तर गुणोत्तर काढलंच जात नाही. निकालांच्या अहवालातही, म्हणजे २०१५ च्या शिक्षण कायद्याखाली, राज्य किमान संख्या ठरवतं. ती २० असली आणि शाळेत त्या गटाची १९ मुलं असली तर शाळेच्या मूल्यमापनापुरता तो गट अस्तित्वातच नाही. लहान शाळांमध्ये म्हणून दोन-तीन वर्षं एकत्र करून पाहावं लागतं.

उलटतपासणी

तळटीप, तुमचं 'मोजायला गट, ठरवायला व्यक्ती' ऐकायला छान आहे, पण प्रवेशाच्या टेबलावर ते टिकत नाही. जागा मर्यादित असल्या की तुम्ही निवडलेला प्रत्येक 'वंशनिरपेक्ष' निकष कुठल्या तरी गटाला वर-खाली करतोच, आणि निवडणाऱ्याला ते आधी माहीत असतं.

टेक्ससचा १९९७ चा कायदा घ्या: हायस्कूलच्या वर्गात वरच्या १० टक्क्यांत या, सरकारी विद्यापीठात प्रवेश पक्का. कागदावर वंशाचा उल्लेख नाही. पण तो चालतो कशामुळे? हायस्कुलं वंशानुसार विभागलेली आहेत म्हणून. उद्या सगळी शाळा-वस्ती मिसळली तर या कायद्याचा परिणाम मावळेल. विभागणीवर पोसलेला उपाय आहे हा. शिवाय चांगल्या शाळेतला वरच्या १५ टक्क्यांतला मुलगा बाहेर राहतो आणि आईबाप घर बदलायचा विचार करू लागतात. ऑस्टिनच्या विद्यापीठात तर या वाटेने इतकी मुलं आली की २००९ मध्ये कायदा बदलून तिथे ७५ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली.

दुसरं, व्हर्जिनियातली थॉमस जेफर्सन हायस्कूल, निवडून प्रवेश देणारी सरकारी शाळा. २०२० मध्ये फेअरफॅक्स काउंटीने प्रवेश परीक्षा आणि १०० डॉलर अर्ज-शुल्क रद्द केलं, प्रत्येक मिडल स्कूलमधल्या आठवीच्या वरच्या १.५ टक्के मुलांना जागा राखल्या आणि वर्ग साडेपाचशेचा केला. अर्ज तपासणाऱ्यांना नाव, वंश काहीच दिसत नव्हतं, फक्त क्रमांक. म्हणजे तुमची अट शंभर टक्के पाळली. आशियाई मुलांचं प्रमाण सुमारे ७३ वरून ५४ टक्क्यांवर आलं. पालक कोर्टात गेले, २०२३ मध्ये अपील न्यायालयाने २ विरुद्ध १ मतांनी बोर्डाची बाजू घेतली, फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. आता सांगा, इथे व्यक्ती जिंकली की गट? डोळ्यांवर पट्टी तपासणाऱ्याच्या होती, नियम करणाऱ्याच्या नव्हती.

तळटीप

आक्षेप रास्त आहे. नियम करणाऱ्याचा हेतू तपासण्यासाठी माझ्याकडे एक साधी कसोटी आहे: ज्या मुलाचा फायदा होतोय त्याला तो त्याच्या स्वतःच्या कुठल्या गुणामुळे होतोय हे तोंडावर सांगता येतं का? 'तुझ्या शाळेत तू पहिल्या तिघांत आलीस' हे सांगता येतं. 'तुझ्या शाळेतून फारसं कुणी येत नाही' हे तिच्या शाळेबद्दलचं वाक्य झालं. थॉमस जेफर्सनच्या योजनेत दोन्ही मिसळलेत, म्हणून ती मला अर्धीच पटते.

पण व्यक्तीला नीट पाहिल्यानेच गटातला फरक कमी होतो याचंही भक्कम उदाहरण आहे. फ्लोरिडातल्या एका मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये 'गिफ्टेड' (विशेष हुशार मुलांच्या) वर्गांसाठी आधी पालक किंवा शिक्षकाने नाव सुचवावं लागे, मग बुद्ध्यांक चाचणी. मग दुसरीच्या सगळ्या मुलांची अशाब्दिक चाळणी परीक्षा घेतली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांनी २०१६ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला: कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि गरीब घरांतल्या मुलांची निवड लक्षणीय वाढली. पात्रतेची बुद्ध्यांकाची रेषा तीच होती, फरक पडला तो चाचणीपर्यंत पोचण्यात. आधी जी मुलं सुटत होती ती कुणी नाव न घेतल्यामुळे. पुढे पैशाअभावी सार्वत्रिक चाळणी आटोपती घेतली आणि फायदा ओसरला. तेव्हा डिस्ट्रिक्टकडे सुधारणेसाठी थोडेच पैसे असतील तर माझं मत: आधी 'नाव सुचवा' हा टप्पा काढा.

डस्टर

कायदा आणि आकडे खूप झाले, चौथ्या टेबलावर या. वर्गात सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या हेतूने होतं.

'विशेषाधिकार-चाल' म्हणून एक खेळ करवतात. मुलं एका रांगेत उभी. 'घरात ५० पेक्षा जास्त पुस्तकं असतील तर एक पाऊल पुढे', 'वीजबिल थकलं असेल तर एक पाऊल मागे' अशी २०-२५ वाक्यं. शेवटी कोण कुठे उभं आहे ते पाहून चर्चा. काय बिघडतं? मागे राहिलेल्या मुलांची घरची परिस्थिती वर्गासमोर उघडी पडते, तीही बाकीच्यांच्या शिक्षणासाठी. पुढची मुलं ओशाळतात किंवा चिडतात. गोरं पण गरीब मूल मागे आणि डॉक्टरांची कृष्णवर्णीय मुलगी पुढे उभी राहिली की शिक्षकाला सुचत नाही, कारण त्याचा पाठ वेगळ्या चित्रासाठी लिहिलेला असतो. करायचंच असेल तर काल्पनिक पात्रांची कार्डं वाटा आणि मुलांनी त्या पात्रांच्या वतीने चालावं.

दुसरी सवय: गुलामगिरीचा धडा आला की वर्गातल्या एकुलत्या एका कृष्णवर्णीय मुलाकडे वळून 'तुला काय वाटतं?' त्याला अख्ख्या समाजाचा प्रवक्ता करू नका. आधी सगळ्यांना दोन मिनिटं कागदावर लिहायला द्या, मग हात वर करणाऱ्यांना विचारा.

जे चालतं त्याची कृती सांगते. एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये ऑस्टिनच्या शाळांत, वंशानुसार वेगळी असलेली मुलं नुकतीच एकत्र आली आणि मारामाऱ्या होऊ लागल्या तेव्हा, ही 'जिगसॉ' पद्धत बसवली. ५-६ मुलांचा मिश्र गट. धड्याचे तितकेच तुकडे, प्रत्येक मुलाला एकच. मग सगळ्या गटांतली एकच तुकडा मिळालेली मुलं एकत्र बसून तो पक्का करतात, आपल्या गटात परत जाऊन बाकीच्यांना शिकवतात, आणि शेवटी परीक्षा मात्र प्रत्येकाची एकट्याची. बहुतेक वर्गांत फसतं ते 'तुकडा पक्का करणं' घाईत उरकल्यामुळे. अडखळणारं मूल तयारीशिवाय गटात परततं, बाकीचे वैतागतात, आणि पूर्वग्रह उलट घट्ट होतो. किमान १० मिनिटं तिथे द्याच. बडबड्या मुलाला पहिल्या दिवशी गटप्रमुख करू नका.

यामागे गॉर्डन ऑलपोर्ट यांच्या १९५४ च्या चार अटी आहेत: बरोबरीचं स्थान, समान उद्दिष्ट, एकमेकांवाचून अडणारं काम, आणि वरिष्ठांचा पाठिंबा. नुसतं शेजारी बसवल्याने काही होत नाही. आणि तळटीप, तुमच्या तत्त्वाला इथे एक खोच आहे: मिश्र गट करताना शिक्षिकेला वंश पाहावाच लागतो. पाहावा, पण मोठ्याने बोलू नये.

उलटतपासणी

मग वंशगटांचे क्लब? तिथे तर पाटीच लावलेली असते.

डस्टर

पाटीवर काय लिहिलंय त्यावर अवलंबून आहे. 'आफ्रिकन-अमेरिकन इतिहास आणि संस्कृती क्लब' चालतो. 'फक्त कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी' चालत नाही, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण (सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांना वांशिक भेदभावाची बंदी) आडवं येतं. सदस्यत्व सर्वांना खुलं, येणं ऐच्छिक, गुणांशी संबंध नाही, आणि अभ्यासाच्या तासाला भरवायचा नाही एवढं पाळलं तर फारशी अडचण येत नाही. मुळात एखाद्या शाळेत ४ टक्क्यांत असलेल्या मुलांना आठवड्यातून एकदा 'मी कोण' हे समजावून न सांगता बसता येणं यात व्यक्तिवादाच्या विरोधी काही आहे असं मला वाटत नाही. जाता जाता, फेब्रुवारी २०२५ मध्ये शिक्षण खात्याने वंशाचा विचार करणाऱ्या उपक्रमांविरुद्ध काढलेल्या कडक पत्रामुळे अनेक शाळा घाबरल्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फेडरल न्यायालयाने ते रद्द केलं.

मधली सुट्टी

कॉलेजच्या निबंधाचं काय? २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉलेजप्रवेशात वंश विचारात घेणं बंद केलं, त्यानंतर वंशाबद्दल लिहायचं की नाही?

उलटतपासणी

लिहिता येतं. २९ जून २०२३ च्या निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनीच म्हटलंय की वंशामुळे आयुष्यावर काय परिणाम झाला, भेदभाव असो वा प्रेरणा, हे अर्जदाराने सांगायला बंदी नाही. फायदा द्यायचा तो त्यातून दिसलेल्या त्या विद्यार्थ्याच्या धैर्याला, चिकाटीला, नेतृत्वाला. लगेच पुढे बजावलंय की निबंधाच्या आडून जुनीच पद्धत चालवता येणार नाही.

म्हणून 'मी अमुक समाजाची असल्याने मला विविधता कळते' हे वाक्य निरुपयोगी. 'आजीच्या दवाखान्यात मी दुभाषी म्हणून बसायचे, एकदा औषधाचं प्रमाण चुकीचं लिहिलेलं मला आढळलं' यात वाचणाऱ्याला गुण देता येतील असं काहीतरी आहे. वाचणाऱ्यांनाही गुणपत्रकात अनुभव आणि त्यातून दिसलेला गुण असे दोन वेगळे रकाने द्यावेत. एकच रकाना असला की 'मजबूत पार्श्वभूमी' असं लिहून मोकळे होतात, आणि ते खटल्यात सांगता येत नाही.

परिणामांबद्दल: एमआयटीच्या २०२४ च्या प्रवेशांत कृष्णवर्णीय विद्यार्थी साधारण १३ वरून ५ टक्क्यांवर आले, येल आणि प्रिन्स्टनमध्ये फारसा फरक पडला नाही. त्यामुळे एका कॉलेजचा आकडा दाखवून 'बघा' म्हणणाऱ्यांपासून जपा, दोन्हीकडचे आहेत.

गुणोत्तर

त्याच निकालात रकान्यांचीही खिल्ली उडवलीय: 'आशियाई'मध्ये दक्षिण आणि पूर्व आशिया एकत्र, आणि पश्चिम आशियातल्या मुलाने कुठे खूण करायची हे सुनावणीत विद्यापीठाच्या वकिलालाही सांगता आलं नव्हतं.

सातवा रकाना

त्याची दुरुस्ती मार्च २०२४ मध्ये झाली. दोन प्रश्नांऐवजी एकच, त्यात हिस्पॅनिक आणि 'पश्चिम आशिया किंवा उत्तर आफ्रिका' हे बाकीच्यांच्या बरोबरीने, हव्या तितक्या खुणा, आणि आशियाईच्या खाली चिनी, एशियन इंडियन, फिलिपिनो, व्हिएतनामी, कोरियन, जपानी असे तपशील. सरकारी खात्यांना मूळ मुदत पाच वर्षांची दिली होती, त्यामुळे शाळांचे फॉर्म एकदम बदललेले दिसणार नाहीत.

डिस्ट्रिक्टच्या माहिती विभागात कुणी असेल तर एक सांगणं: जुन्या दोन प्रश्नांची कच्ची उत्तरं पुसू नका. नुसता सातातला एक आकडा जपून ठेवला तर नव्या वर्गवारीशी दुवा जोडता येणार नाही, आणि पाच वर्षांच्या आलेखात हिस्पॅनिक-कृष्णवर्णीय मुलं अचानक 'वाढलेली' दिसतील. खुणांचा मूळ संच, फॉर्मची आवृत्ती, आणि खूण पालकांनी केली की कर्मचाऱ्याने, हे तीन स्तंभ वेगळे ठेवा. तिसरा स्तंभ बहुतेक ठिकाणी नसतो.